पाठकोऱ्यावरचे सव्वीस

“एवढ्या सगळ्यांना बसवणार कुठं आहेस?” बायकोनं विचारलं. तिच्या हातात फ्रिजवरचा कागद होता. दर्शनी बाजूला लेकीच्या शाळेतल्या जेवणाचा तक्ता, आणि पाठकोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात एक ते सव्वीस आकडे घालून केलेली नावांची यादी. यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे करायचं घाटतंय, त्यामुळे घरात सापडलेली कुठलीही यादी तिला पाहुण्यांचीच वाटते. “यातली निम्मी माणसं मला माहीतच नाहीत. हा रँडी कोण? आणि हा वू तुझ्या ऑफिसातला का?” मी म्हटलं, अगं, ही आपल्या सिॲटलच्या बेसबॉल संघाची, मरिनर्सची, पुढच्या सीझनची टीम आहे. “तुला विचारलंय का त्यांनी?” नाही. “मग?” या ‘मग’चं उत्तर मला गेल्या वीस वर्षांत सापडलेलं नाही. तिनं किराणा तपासावा तसं यादीवरून बोट फिरवलं आणि एका नावाशी थांबली. “याला का रे खोडलंस? हाच ना तो, ज्याच्यासाठी रात्री दहाला सोफ्यावर चढून नाचलास?” तो न्यूयॉर्कला गेला, मी म्हटलं. “गेला म्हणून असं खोडायचं?” तिनं कागद उजेडासमोर धरला. पेन इतकं दाबून फिरलं होतं, की ‘पोलांको’मधून ओट्यावरचा दिवा दिसत होता.

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ती वळली.

मला मात्र ते भोक दोन दिवस पुरलं. सिॲटलमध्ये डिसेंबरात संध्याकाळचे साडेचार वाजले की रात्र होते. पाऊस पडत नाही, नुसता लोंबकळत असतो. अशा हवेत माणसाला एखादी क्षुल्लक गोष्ट टोचायला लागली की ती टोचतच राहते. बरं, हॉर्हे पोलांकोनं माझं काय वाईट केलं होतं? उलट २०२५ च्या ऑक्टोबरच्या १० तारखेला, शुक्रवारी, त्यानं जे केलं त्याचं देणं मी या जन्मात फेडू शकणार नाही. डेट्रॉइटविरुद्ध पाचवा आणि शेवटचा सामना, हरलो की घरी. त्यांचा तो दाढीवाला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तारिक स्कुबल सहा इनिंगमध्ये आमच्या फलंदाजांना तेरा वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारताच न येता बाद, करून बसला होता. मग सातव्या इनिंगमध्ये लिओ रिवास नावाचा आमचा एक बुटका राखीव खेळाडू आला. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. त्यानं बरोबरीचा फटका मारला. तिथून पुढे कुणालाच काही करता येईना. नऊ इनिंगचा खेळ पंधरापर्यंत लांबला. एरवी सामन्याची सुरुवात करणारे आमचे मोठे पिचर, गिल्बर्ट काय, कास्तियो काय, बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या कोपऱ्यातून, एकेक बाहेर यायला लागले. लग्नघरात वाढपी कमी पडले की यजमान स्वतः वाढायला उठतात, तसं. मधल्या एका ब्रेकमध्ये सॅमन माशांचे पोशाख घातलेल्या चौघांची नेहमीची शर्यत झाली आणि आजवर एकदाही न जिंकलेला हंपी नावाचा मासा पहिला आला. तेव्हाच मला वाटलं, आज काहीतरी होणार. पंधराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना पोलांकोनं चेंडू उजवीकडच्या गवतात ढकलला. तडाखा असा नव्हताच, साधा, नीट ठेवलेला फटका. आमचा क्रॉफर्ड धावत होम बेसला पोचला, धाव झाली आणि ३-२, जिंकलो. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, म्हणजे मी किती ओरडलो असेन त्याचा अंदाज मला त्यावरूनच आला.

आणि नऊ आठवड्यांनी मी त्याच माणसाच्या नावाला भोक पाडलं, कारण न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्याला दोन वर्षांचे चार कोटी डॉलर दिले.

जिंकण्याची सवय असलेल्यांना हे समजायचं नाही. अमेरिकेच्या या खेळात तीस संघ आहेत आणि त्यांतला एकच आजवर वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, पोचलेला नाही. तो कुठला हे सांगायला नको. २००१ मध्ये आमच्या लोकांनी ११६ सामने जिंकले, आणि त्यानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीत, परतायला एकवीस वर्षं लावली. मी इथं आलो तो त्या एकवीस वर्षांच्या ऐन पोटात. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं पहिल्यांदा स्टेडियमवर नेलं. तिकिटं तेव्हा कुणी फुकटही घेत नसे. खेळ मला काडीचा कळला नाही. पण शेजारून मालगाडी गेली आणि तिच्या भोंग्यानं अख्खं स्टेडियम भरून टाकलं, तेव्हा मला डोंबिवलीचं आमचं रुळांलगतचं घर आठवलं. तिथं गाडी जाईपर्यंत सगळे बोलायचे थांबत आणि गाडी गेली की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. इथं पिचर थांबत नव्हता, एवढाच फरक. त्या स्टेडियमचं छप्पर सरकतं, पण बाजू उघड्याच राहतात. पावसापासून वाचवतं, थंडीपासून नाही. एकंदर संघाचा स्वभावही असाच.

यंदा मात्र आम्ही खरोखरच वर्ल्ड सिरीजच्या दारात उभे होतो. त्यात दिवाळी. वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, टोरोंटोविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेतला पाचवा सामना दुपारी तीनला होता. मी लेकीला शाळेतून अर्ध्या दिवसानं काढलं, नॉर्थगेटला गाडी लावली आणि लिंक ट्रेन पकडली. डब्यात बसायला तर सोडाच, लोंबकळायलाही जागा नव्हती. लेक म्हणाली, “बाबा, तू सांगतोस ती लोकल अशी असते का?” मी म्हटलं, साधारण, पण तिथं कुणी ‘सॉरी’ म्हणत नाही. आठव्या इनिंगपर्यंत आम्ही मागे होतो. मग कॅल रॅलीनं बरोबरी साधली. या कॅचरनं, म्हणजे आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारख्या गड्यानं, यंदाच्या सीझनमध्ये साठ होम रन, म्हणजे जणू षटकारच, मारले. एका जागी अडीच तास उकिडवं बसायचं आणि वर हे, म्हणजे गड्याच्या गुडघ्यांची पूजाच बांधायला हवी. त्यानंतर तिन्ही बेस भरले आणि सुआरेझ आला. युहेनियो सुआरेझ, आमचा थर्ड बेस, म्हणजे तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. आम्हीच दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवायला ॲरिझोनाला देऊन टाकलेला आणि जुलैत परत मागून आणलेला. चेंडू बॅटवरून निघाला तेव्हा एक आवाज झाला, सुक्या लाकडाचा, कोरडा आणि गोल. त्यानंतर अर्धा सेकंद कुणी श्वास घेतला नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लसणाच्या फ्राइजचा वास माझ्या जॅकेटला, म्हणजे कुणाची तरी अख्खी पुडी माझ्यावर सांडलेली. लेक एका अनोळखी आजीच्या कडेवर. ती आजी रडत होती. मीही.

मग टोरोंटोला जाऊन एक हरलो आणि सातवा सामना सोमवारी, २० तारखेला आला. नरकचतुर्दशीला.

त्या संध्याकाळी जे झालं ते आमच्या घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून इथं लिहितो. सप्टेंबरात एका चाहत्यानं इंटरनेटवरून एका चेटकिणीला पैसे देऊन मरिनर्ससाठी मंत्र म्हणवून घेतला होता, आणि त्यानंतर संघ सलग दहा सामने जिंकला होता. शहरभर त्याची चर्चा होती. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “परकी बाई पैसे घेऊन करते, तर घरचं माणूस फुकट का नाही करणार?” सातवी इनिंग सुरू झाली तेव्हा आम्ही ३-१ असे पुढे होतो. आमच्या हुलियोनं एक होमर मारलेला, कॅलनं एक. नऊ आऊट हवे होते. फक्त नऊ. समोर ताटलीत चकल्या, बाहेर पणत्या, आणि सासूबाई मीठ, मोहऱ्या, पाच सुक्या मिरच्या मुठीत घेऊन टीव्हीसमोर उभ्या. “इडापिडा टळो” वगैरे पुटपुटत त्यांनी पंचावन्न इंची पडद्यावरून तीनदा मूठ उतरवली आणि सगळं गरम तव्यावर टाकलं. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, असं आपल्याकडे म्हणतात. आम्हाला सगळ्यांना सणसणीत ठसका लागला. पाठोपाठ धुराचा अलार्म वाजायला लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं अलार्मला वारा घालत होतो, पाठ टीव्हीकडे, आणि त्या कर्कश पीं-पींमधून मला अचानक एका परक्या शहराचा जल्लोष ऐकू आला. टोरोंटोचा जॉर्ज स्प्रिंगर. दोघे बेसवर, तीन रन. ४-३. तो फटका मी पाहिलाच नाही. आजपर्यंत पाहिलेला नाही. शेवटी हुलियो स्ट्राइकआउट झाला, ते मात्र नीट पाहिलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच रे. आपलेच कमी पडले.”

तर, अशा जिवावर बेतलेल्या सीझननंतर माणसानं यादी करायची नाही तर काय करायचं?

या यादीला इथं रोस्टर म्हणतात. करारात चाळीस जण, आणि मैदानावर उतरायला पात्र सव्वीस. वर्षभराचे १६२ सामने या सव्विसांच्या अंगावर. थँक्सगिव्हिंगपासून मी ती रोज रात्री थोडी थोडी लिहितो, खोडतो. काही नावांबद्दल प्रश्नच नाही. कॅल. सेंटर फील्डला हुलियो. शॉर्टस्टॉपला क्रॉफर्ड, तो वाईट संघातही होता आणि चांगल्यातही आहे, हे मला त्याच्याबद्दल विशेष आवडतं. फर्स्ट बेसला नेलर, कारण नोव्हेंबरात त्याला पाच वर्षं आणि सव्वानऊ कोटी डॉलर देऊन ठेवून घेतलं. ही बातमी वाचली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि मूठ आवळून ‘येस’ म्हणालो, ते समोरच्याला त्याच्या बजेटला दिलेली मान्यता वाटली. जॉश नेलरला खेळताना पाहाच एकदा. आडवा बांधा, चालणं किराणा दुकानाच्या मालकासारखं, धावण्याचा वेग लीगमधल्या अगदी मागच्या बाकावरचा. तरी त्यानं यंदा तीस बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच पिचरला चकवून पुढच्या बेसवर पळाला. तो पिचरकडे बघत नाही, पिचरच्या टाचेकडे बघतो. ती टाच उचलली गेली की हा निघालेला असतो. वेग नाही, नुसतं लक्ष. माझ्या वयाच्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

पिचिंगची मला काळजी नाही, असं म्हणतो आणि रात्री त्याचीच काळजी करतो. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्तियो, मिलर. पाच जण कागदावर असे शोभून दिसतात की पाहतच राहावं, पण पिचरचं कोपर ही काचेची बरणी. मिलरचं यंदा वर्षभर दुखलं. सेकंड बेसला कोल यंग आहे, नावाप्रमाणेच. आणि कोल्ट एमर्सन नावाचं वीस वर्षांचं एक पोर मायनर लीगमधून, म्हणजे धाकट्या संघांतून, वर यायच्या बेतात होतं, त्याला मी यादीत दोनदा घातलं आणि दोनदा काढलं. पोराला घाईनं वर आणू नये, असं माझ्यातला बाप म्हणतो. आत्ताच आणा, असं माझ्यातला मरिनर्सवाला म्हणतो. थर्ड बेसपुढे मात्र जागा कोरी. सुआरेझचा करार सीझननंतर संपला, तो मोकळा झाला. शहाणे लोक म्हणतात, चौतीस वर्षांचा, एकतर चेंडू स्टँडात नाहीतर हा हात हलवत माघारी, सोडा त्याला. आकडे त्यांच्या बाजूनं आहेत, हे मलाही दिसतं. पण मला तो लाकडाचा आवाज ऐकू येतो, आणि मी तिथं त्याचं नावही लिहीत नाही नि दुसऱ्याचंही.

ही खोड घराण्यात आहे. माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरीतून पाठकोरे कागद घरी आणायचे. भारताचा कुठलाही दौरा ठरला की निवड समितीच्या आधी आमच्या डोंबिवलीच्या घरात संघ जाहीर व्हायचा. निळी शाई, मराठी आकडे, प्रत्येक नावापुढे पूर्णविराम. मग रेडिओवर खरा संघ सांगितला की ते लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत. गावसकर, वेंगसरकर, कपिल यांना अर्थातच खूण. एका नावाला मात्र कधीच खूण झाली नाही. पद्माकर शिवलकर. बाबा त्यांना पॅडी म्हणत, शेजारच्या खोलीत राहत असल्यासारखे. डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईसाठी दोन तपं गोलंदाजी, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर सोळा धावांत आठ. भारतासाठी कसोट्या शून्य, कारण त्याच काळात त्याच हातानं बिशनसिंग बेदी टाकत होते. मला कळायला लागलं तेव्हा शिवलकर चाळिशीच्या पुढे होते आणि बेदीही निवृत्त होऊन गेले होते. तरी बाबांच्या यादीत ते होतेच, पंधरावे किंवा सोळावे. मी एकदा म्हटलं, बाबा, ते म्हातारे झाले. बाबा म्हणाले, “यादी माझी आहे.” पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईनं शिवलकरांना खरंच परत बोलावलं, तेव्हा बाबांनी आठवडाभर घरात कुणाला बोलू दिलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. मी फोन केला तर बाबा एवढंच म्हणाले, की शिवाजी पार्कला कांगा लीगमध्ये, चिखलात, पॅडीचा चेंडू पडायचा तेव्हा आवाजच यायचा नाही.

बाबांच्या यादीत कुणाला खोडलेलं मी पाहिलं नाही. एवढंच मला त्या भोकामुळे आठवलं.

आणि आणखी एक आठवलं, ते जास्त अडचणीचं. २००६ मध्ये मी पुण्यातली नोकरी सोडली. जास्त पगार, अमेरिका, सगळं तेच. तेव्हा आमचं काम अर्धवट होतं, टीम अडचणीत होती आणि मला ते माहीत होतं. केक कापला, सह्यांचं कार्ड घेतलं, निघालो. नंतर एका मित्रानं सांगितलं, की रात्रपाळीचा तक्ता ज्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत, त्यावर माझं नाव कुणीतरी चुकून न पुसल्या जाणाऱ्या मार्करनं लिहिलं होतं. त्यामुळे मी इथं बर्फ बघत फिरत होतो आणि तिथं वर्षभर दर बुधवारी रात्री माझी पाळी लागत होती. लोक माझ्या नावावर दुसरं नाव लिहायचे, पुसायचे, खालून पुन्हा मीच. त्याला ते फार विनोदी वाटलं होतं. मलाही वाटलं. पोलांको बत्तीस वर्षांचा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, सव्वीस होम रन मारून बाजारात उभा राहिलेला. चार कोटींना नाही म्हण, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

रविवारी नेहमीप्रमाणे डोंबिवलीला फोन लावला. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. बेसबॉल त्यांना कळत नाही, पण संघ कळतो. “झाली का तुमची निवड?” त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवली. “डावखुरा कोण?” मी म्हटलं, एक गेब स्पायर आहे, आणि आत्ता वॉशिंग्टनकडून दुसरा आणलाय, होसे फेरर. “फुकट आणला?” नाही, त्याच्यासाठी एक कॅचर दिला. हॅरी फोर्ड, बावीस वर्षांचा, फार गुणी पोरगा. मला वाईटच वाटलं, मी म्हटलं, पण आमच्याकडे कॅल आहे ना, साठ होमरवाला. तो असेपर्यंत याला मागे बसायचं तेवढं काम. त्याला जागाच नव्हती.

पलीकडे शांतता. मला वाटलं, लाइन गेली. मागून एक लोकल धडधडत गेली, म्हणजे लाइन होती. गाडी पूर्ण गेली, आणि मग बाबा म्हणाले, “मग सोडला ते बरं केलं. खेळेल तरी बिचारा.”

त्यानंतर ते रक्तदाबाच्या गोळीबद्दल बोलले. मी काय बोललो ते मला आठवत नाही.

रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलो तर फ्रिजवरचा कागद पुन्हा उलटा लागला होता, पाठकोरी बाजू वर. पोलांकोच्या भोकामागे आता फ्रिजचा पांढरा रंग दिसत होता. त्याच्या खाली, थर्ड बेसच्या कोऱ्या ओळीवर, बायकोच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: तीळ, बिनपॉलिशचे, दोन पाकिटं. सव्विसाच्या खाली चिक्कीचा गूळ, शेंगदाणे, हलवा मिळाल्यास. ती ओट्याशी डबे लावत होती.

“थर्ड बेसला तीळ?” मी म्हटलं.

तिनं वळून न बघता विचारलं, “तुझ्याकडे दुसरं कोण आहे?”